माझ्या डाव्या डोळ्यात बघा

त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात आलेल्या तिसऱ्या मुलीलाही चष्म्याची गरज नव्हती. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ तिने दारातूनच घडाघडा वाचून दाखवली आणि तरीही खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाली, "माप घ्या ना."

भिंग्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, असं म्हणून भिंग्या पट्टी घेऊन तिच्यासमोर स्टुलावर बसला, एक डोळा मिटला आणि रोज प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचं ते वाक्य म्हणाला, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा. हलू नका."

मुलगी हलली. नुसती हलली नाही, तर बाहेर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "अगं, म्हणाला. खरंच म्हणाला."

भिंग्या या दुकानात काचा बसवायचा. कपाळावर कायम एक भिंग चढवलेलं असायचं, म्हणून नाव भिंग्या. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, कारण लहानपणी एक दार आणि तो एकाच वेळी एकाच बाजूला निघाले होते. काच पुसण्याआधी तो तिच्यावर फुंकर मारायचा, मग ती उजेडाकडे धरून स्वतःशीच "हं" म्हणायचा. आणि ते डोळ्यात बघायचं म्हणाल, तर चष्मा करायचा तर दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं, ते मोजताना माणसाने एका जागी बघावं लागतं, आणि भिंतीकडे बघा म्हटलं की माणसं घड्याळ बघतात. म्हणून डोळ्यात. त्यात शृंगार असलाच तर तो मिलिमीटरमध्ये होता.

पण हे त्या मुलींना कोण सांगणार? त्यांनी 'तात्पुरता तू' वाचली होती.

'तात्पुरता तू' ही कादंबरी लिहिली होती दुकानात काउंटरवर नोकरीला असलेल्या धाकटीने. ती घरात धाकटी, म्हणून मालकांच्या तोंडी धाकटी, म्हणून दुकानातही धाकटी. प्रेमाचा अनुभव शून्य, पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे आणि हात शिवशिवत. कॉलेजातला एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांच्याही घरचे मागे लागलेले. म्हणून दोघं ठरवतात की वर्षभर प्रेमात असल्याचं सोंग करायचं. अटी ठरतात, त्या एकेक करून मोडतात, मध्ये एकच छत्री असलेला पाऊस पडतो, भांडण होतं, अबोला होतो, आणि शेवटी सोंग खरं निघतं. हे सगळं शेवटी असंच होणार हे वाचकाला पहिल्या पानावरच कळतं, आणि तरीही तो शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचतो. या जातीच्या कादंबऱ्यांचं हेच तर वैशिष्ट्य.

नायिका धाकटीला चटकन जमली. स्वतःलाच चार इंच उंच केलं की झालं. नायक काही केल्या जमेना. कितीही वेळा लिहिला तरी तो साबणाच्या जाहिरातीतून नुकताच बाहेर आल्यासारखा दिसायचा. शेवटी तिने कंटाळून मान वर केली आणि जे समोर दिसलं ते लिहायला लागली. समोर भिंग्या होता. तुटकी भुवई आली, फुंकर आली, "हं" आलं. नायकाला तिने भौतिकशास्त्राचा विद्यार्थी केला आणि समजली की आता कोण ओळखतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीत नायक नायिकेची हनुवटी धरून म्हणतो, "माझ्या डाव्या डोळ्यात बघ. हलू नकोस," हे वाक्य तर आपल्याला साक्षात प्रतिभेनेच सुचवलं, असं तिला लिहिताना वाटलं होतं. दिवसभर कानावर आदळणारी गोष्ट माणसाला अशीच सुचते.

प्रकाशकांना कादंबरी आवडली. पाठीमागच्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात छापलं, 'ही गोष्ट तिने लिहिलेली नाही, जगलेली आहे.'

"पण मी लिहिलेलीच आहे," धाकटी म्हणाली.

"अहो, वाचकांना प्रेम खोटं चालतं. पण ते खऱ्या माणसांनी केलेलं लागतं," प्रकाशक म्हणाले. "आणि आता छापून झालंय."

धाकटीच्या आईने पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि स्वयंपाकघरात तिला गाठलं. "हा कोण?"

"कुणी नाही गं. मनातला आहे."

"मनातल्याची भुवई कशी तुटेल?" आई म्हणाली.

तिने भिंग्याला सगळं सांगून टाकलं. भिंग्या वाचनाच्या वाटेला जात नसे. दिवसभर बारीक आकडे बघून झाल्यावर अक्षरांची हौस कुणाला राहते. त्याने शांतपणे विचारलं, "माझ्याबद्दल काही वाईट लिहिलंयस का?"

"नाही."

"मग राहू दे की."

असा सरळ माणूस. त्याचं सगळंच सरळ चाललं होतं. दोन दुकानं सोडून औषधांचं दुकान होतं, तिथल्या औषधवालीवर त्याचा जीव होता, तिचाही त्याच्यावर होता, दोन्ही घरं राजी होती, लग्नाचा हॉलही ठरला होता. भिंग्याला आयुष्यात याहून जास्त काही नको होतं, आणि एवढं मात्र हवंच होतं. अडचण एकच झाली. औषधवालीच्या आई, म्हणजे भिंग्याच्या होणाऱ्या सासूबाई, वाचनालयाच्या सभासद होत्या.

त्यांनी भिंग्याला घरी बोलावून घेतलं. टेबलावर पुस्तक होतं आणि त्यात ठिकठिकाणी औषधांच्या चिठ्ठ्या खुणेला घातलेल्या होत्या. औषधवाली बाजूला हाताची घडी घालून बसली होती.

"आई, तसं काही नाही," भिंग्या म्हणाला.

सासूबाईंनी नाकावरचा चष्मा सारखा केला. तो भिंग्यानेच बसवून दिला होता आणि अक्षर त्यातून फारच स्वच्छ दिसत होतं. "आठवं प्रकरण. 'तसं काही नाही, तो म्हणाला, पण त्याचा आवाज घोगरा झाला होता.'"

भिंग्याचा आवाज घोगरा झाला. "मला सर्दी आहे."

"सर्दी दहाव्यात आहे. भिजल्यानंतर."

"आई, पुरे," औषधवाली म्हणाली. पण म्हणताना तिने भिंग्याच्या भुवईकडे पाहिलं, आणि ती भुवई तिने आजवर आपलीच समजली होती.

"हे बघा," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मुलगा म्हणून चांगले आहात, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या पुस्तकात शेवटी काय होतं ते मी वाचलंय. आधी म्हणतात काही नाही, मग म्हणतात सोंग आहे, आणि शेवटच्या प्रकरणात खरं निघतं. तेव्हा माझी मुलगी मांडवात उभी असायला नको. माझी खात्री होईपर्यंत लग्न थांबवू."

दुसऱ्या दिवशी भिंग्याने तीन चष्म्यांत डावी काच उजवीकडे बसवली. धाकटीला ते बघवेना. आपण केलेला घोळ आपणच निस्तरायचा, असं ठरवून ती संध्याकाळी स्वतः सासूबाईंकडे गेली.

"काकू, सगळं मी बनवलंय हो. सगळं खोटं आहे."

"नववं प्रकरण," सासूबाई मायेने म्हणाल्या. "तीही मैत्रिणीला हेच सांगते. आणि खालचा ओठ चावते."

धाकटीने चावलेला ओठ सोडला.

"किती छान लिहिलंयस गं, बाळ," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा रडले मी. पण मुलगी माझी आहे, काय करू?"

मालकांनी तोडगा काढला. "तुम्ही दोघं दुकानात बोलूच नका. बोलणंच नाही म्हटल्यावर लोक तरी काय बोलतील?" झालं. भिंग्या मागच्या खोलीतून बाहेर येईना, धाकटी मागच्या खोलीकडे मान वळवीना. चष्म्यांचे नंबर मालक इकडून तिकडे सांगू लागले. दोनच दिवसांत काचेबाहेर मुलींचे घोळके वाढले. बारावं प्रकरण आलं होतं. बाराव्या प्रकरणात अबोला आहे. एक मुलगी तर आत येऊन धाकटीचा हात धरून म्हणाली, "ताई, तूच आधी बोल. तो नाही बोलणार. तुलाच माहितीय तो कसा आहे." त्या आठवड्यात मालकांनी इतक्या बिननंबरी फ्रेम विकल्या की अबोला आणखी थोडा लांबला तरी त्यांची हरकत नव्हती.

धाकटी तडक प्रकाशकांकडे गेली. "पुस्तकात छापा, हे काल्पनिक आहे म्हणून."

"अवश्य," प्रकाशक म्हणाले. "आपल्याला कुणाचं घर मोडायचं नाही." दुसरी आवृत्ती यायचीच होती. तिच्या पहिल्याच पानावर चौकटीत छापून आलं, 'या कादंबरीतील पात्रे पूर्णपणे काल्पनिक असून प्रत्यक्षातल्या चष्म्याच्या दुकानाशी त्यांचा काहीही संबंध नाही.'

तोवर ही गोष्ट फक्त आसपासच्या चार गल्ल्यांना ठाऊक होती. आता लांबलांबचे लोक चष्म्याच्या दुकानांतून तुटक्या भुवईचा माणूस शोधत हिंडू लागले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. प्रकाशकांच्या शब्दाने भलत्यालाच मार बसला.

भिंग्या रोडावला. तो धाकटीला एका शब्दानेही टाकून बोलला नाही, आणि त्यामुळे तिला जास्तच लागलं. एकदा मालक बाहेर गेल्यावर त्याने एवढंच विचारलं, "शेवट बदलता नाही येणार का?" धाकटी म्हणाली, "पुस्तक लोकांकडे गेलं रे." तो "हं" म्हणाला. उजेडाकडे धरलेल्या काचेला म्हणायचा तसंच. धाकटीला रडू आलं, आणि ते तिने शिंकेवर निभावलं.

मग मालकांना दुसरी कल्पना सुचली. पहिली अंगाशी आली तरी कल्पना सुचायचं कुणी थांबत नाही. "धाकटे, तुझंच जर दुसरीकडे जमलेलं असलं, तर प्रश्नच मिटला की नाही?"

"पण माझं कुठे जमलंय?"

"माझा पुतण्या आहे ना. रिकामाच आहे. एक संध्याकाळ त्याला तुझा होणारा म्हणून नेऊ. त्यांची खात्री पटली की आपलं काम झालं."

खोट्या प्रेमाची कादंबरी लिहिणाऱ्या मुलीने त्या कादंबरीच्या तावडीतून सुटण्यासाठी खोटं प्रेम करायचं, यात काहीतरी चुकतंय असं धाकटीला वाटलं. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि भिंग्याचा चेहरा रोज दिसत होता. ती हो म्हणाली.

पुतण्या इस्त्रीचा शर्ट घालून आला. सासूबाईंच्या दिवाणखान्यात सगळे जमले. एका बाजूला सासूबाई आणि औषधवाली, समोर मालक, मधल्या कोचावर धाकटी आणि पुतण्या, आणि दाराजवळच्या खुर्चीत भिंग्या, कारण त्याच्यासमोरच सगळं स्पष्ट व्हावं असा मालकांचा आग्रह होता. चहा आला. पुतण्याने घरच्यांची चौकशी केली, हवेबद्दल बोलला. सगळं ठीक चाललं होतं. सासूबाई किंचित विरघळल्यासारख्या वाटल्या.

"तुमचं जमलं कसं?" त्यांनी विचारलं.

घात झाला तो इथे. मालकांनी पुतण्याला तयारीसाठी वाचायला काय दिलं असेल? 'तात्पुरता तू'च. पुतण्याने पाठांतर चोख केलं होतं. तो कोचावर धाकटीकडे वळला, तिची हनुवटी धरली, नाकाला नाक लागेल इतका पुढे झाला आणि खर्जात म्हणाला, "माझ्या डाव्या डोळ्यात बघ. हलू नकोस." आणि आपला डावा डोळा मिटून घेतला.

दाराजवळची खुर्ची करकरली.

"डावा मिटलास तर ती बघणार कशात?" भिंग्या म्हणाला.

मालकांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. पण माणूस बाकी सगळं सोसतो, आपल्या कामातली चूक त्याला सोसवत नाही. भिंग्या उठला. "आणि एवढ्या जवळून नाही होत ते. एवढ्या जवळ डोळे तिरळे होतात, माप चुकतं. हातभर अंतर लागतं. सरक." पुतण्या सरकला. भिंग्याने खुर्ची ओढली, धाकटीच्या समोर बसला, हात लांब करून अंतर बघितलं, उजवा डोळा मिटला आणि म्हणाला, "हं. आता. माझ्या डाव्या डोळ्यात बघ. हलू नकोस."

धाकटी हलली नाही. काउंटरवर बसून तिने त्याला हे वाक्य लोकांना म्हणताना ऐकलं होतं. तिला स्वतःला चष्मा नव्हता, त्यामुळे तिच्यासमोर बसून ते तो कधी म्हणाला नव्हता. त्या डोळ्यात बघता बघता तिला एक गोष्ट कळली. नायक सुचत नव्हता म्हणून आपण मान वर केली, असं ती इतके दिवस समजत होती. मान आधीच वर होती. कादंबरी नंतर सुचली होती. सबंध पुस्तक लिहून झालं, दोन आवृत्त्या निघाल्या, सगळ्या मुलींना कळलं, आईला कळलं, आणि लेखिकेला हे आत्ता कळत होतं. तिचे कान लाल झाले.

"बघितलंत?" भिंग्या सगळ्यांकडे वळून म्हणाला. "असं असतं ते. यात काही नसतं."

"अठरावं प्रकरण," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "ती दुसरा मुलगा आणते, आणि मग याला राहवत नाही. आता मी आणखी काय बघायचं?"

औषधवाली उठून आत गेली. भिंग्याने तिला दोनदा हाक मारली, तिने दार लावून घेतलं. परत येताना रस्त्यात पुतण्याने विचारलं, "मी बरा बोललो ना?" मालकांनी चालण्याचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधवाली दुकानात आली. मालक जेवायला गेले होते, मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र घरघरत होतं. तिने पिशवी काउंटरवर ठेवली आणि धाकटीसमोर उभी राहिली.

"मी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही," ती म्हणाली. "चाळीस पानं वाचली आणि सोडलं. मला औषधांवरची बारीक अक्षरं बरी वाटतात, त्यात निदान काय त्रास होईल ते आधी लिहिलेलं असतं."

धाकटीला हसू आलं. बाई आवडण्यासारखी होती, हे त्यातलं आणखी एक दुःख.

"आई म्हणते प्रत्येक गोष्ट पुस्तकात आहे. असेल. पण मला त्याचं काही विचारायचं नाही. तो कसा आहे ते मला माहीत आहे, त्याला खोटं बोलता येत नाही, सर्दी झाली तरी लपवता येत नाही. मला तुमचं विचारायचंय." तिने आवाज खाली आणला. "काल तुमचा चेहरा मी बघत होते. तुम्हाला तो आवडतो का?"

मागे यंत्र थांबलं. भिंग्याने काचेवर फुंकर मारल्याचा आवाज आला, आणि यंत्र पुन्हा घरघरू लागलं.

महिनाभर धाकटी घसा कोरडा करून खरं सांगत होती. आमच्यात काही नाही हे खरं होतं, सगळं बनवलेलं आहे हेही तिच्या समजुतीप्रमाणे खरंच होतं. त्यातलं एक अक्षर कुणाच्या गळी उतरलं नव्हतं. आता तिने औषधवालीकडे सरळ पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "बिलकूल नाही. मला तसला माणूस चालायचाच नाही. दिवसभर हं हं करतो, जेवताना फ्रेमबद्दल बोलतो. नायकासाठी चेहरा हवा होता, समोर तोच होता म्हणून घेतला. काल मी लाल झाले ती त्या पुतण्याने हनुवटी धरली म्हणून, रागाने. तुम्ही त्याला घेऊन जा बाई, म्हणजे मला जरा शांतपणे काम करता येईल."

औषधवालीच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"पटलं," ती म्हणाली. "आईला हेच सांगते. तिने मला काल रात्रभर सगळी प्रकरणं सांगितली, त्यात ती मुलगी असं कुठेच म्हणत नाही. विचारलं की ती नुसती खिडकीबाहेर बघते." तिने पिशवी उचलली, धाकटीचा हात घट्ट दाबला आणि हसत बाहेर पडली. लग्नाला नक्की यायचं, असं दारातून दोनदा बजावलं.

ती दिसेनाशी झाल्यावर भिंग्या मागच्या खोलीतून डोकावला. भिंग कपाळावर, हातात पुसायचं फडकं, आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग.

"हसत गेली ती?"

"हसत गेली."

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते सांगितलं," धाकटी म्हणाली आणि फ्रेमचे खोके उगाचच सरळ करू लागली.

"आणि तिला पटलं?"

"लगेच."

भिंग्याने मोठा श्वास सोडला. मग त्याचा चेहरा जरासा त्रासलेला झाला, हिशेब न जुळलेल्या माणसासारखा.

"मग हे आधीच सांगायचंस ना गं," तो म्हणाला. "महिनाभर कशाला सगळ्यांना घोर लावलास?" आणि तो आत काचा घासायला गेला.